लेबर रूमसाठी पहिली खरेदी कोणती?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक म्हणून रुजू झाले. महिन्याला साधारण साठ बाळंतपणं होतात. रुग्ण कल्याण समितीकडे थोडे पैसे शिल्लक आहेत आणि वरून निरोप आहे की माता आरोग्यात काहीतरी नावीन्यपूर्ण करून दाखवा. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारा बलून घ्यावा, त्याच कामाचं व्हॅक्यूमचं नवं उपकरण घ्यावं की मॉनिटर? शिवाय लेबर रूममधल्या सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांचं नेतृत्व करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर :

मॉनिटर नको. बलून आत्ता नको. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला मी सत्तावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलंय, त्यातली बरीचशी सरकारी नोकरीत. त्या भरवशावर सांगते, पहिली खरेदी मापाच्या पिशवीची करा. कॅलिब्रेटेड ड्रेप म्हणतात तिला. प्लॅस्टिकचा एक तुकडा, खाली नरसाळ्यासारखं लोंबणारं टोक आणि त्यावर मिलिलिटरच्या रेघा. बाळ बाहेर आलं, गर्भजल निथळून गेलं की बाळंतिणीच्या कमरेखाली ती सरकवायची आणि वाहणारं रक्त तिच्यात पडू द्यायचं. बाकी काही नाही. उद्घाटनाला पाहुणे बोलवावेत असं त्यात काहीच नाही, त्यामुळे वरच्या निरोपाला हे उत्तर पुरेल का, ते तुम्ही बघा.

का, ते सांगते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. बाई घरी अडली, डोलीतून नेता नेता गेली, हे अजूनही काही डोंगरी भागांत होतं. पण मी ज्या मातामृत्यू आढावा बैठकांना बसले, तिथल्या बहुतेक बायका आपल्याच एखाद्या इमारतीत दाखल झाल्या होत्या. कुणी खाटेवर गेली, कुणी एका इमारतीतून दुसरीकडे नेताना अँब्युलन्समध्ये. बाईला दवाखान्यापर्यंत आणायचं काम आशाताईंनी केलं. आत आल्यावर काय झालं, त्याचा जाब आपल्याला द्यायचा आहे.

त्या आढाव्याच्या फाइली उघडल्या की एक शब्द हमखास सापडायचा. ‘ब्लड लॉस : अ‍ॅव्हरेज.’ बाई रक्तस्रावाने गेलेली आणि कागदावर अ‍ॅव्हरेज. मीही तोच शब्द शेकडो केसपेपरांवर लिहिलाय. कसा ठरवायचो आम्ही? नजरेनं. थोडं कापसात, थोडं खाटेवरच्या रबरी कापडावर, थोडं खालच्या टबात गर्भजलात मिसळलेलं, थोडं मावशींनी पुसून काढलेलं. बाई ठणठणीत दिसते ना, मग अ‍ॅव्हरेज.

पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त फिरत असतं. वार सुटली की पिशवी आकसते, तिच्या स्नायूंचे आडवेतिडवे धागे रक्तवाहिन्यांना चिमटीत धरतात आणि रक्त थांबतं. पिशवी सैल पडली तर ती चिमटी बसतच नाही. तरुण बाईचं शरीर बराच वेळ हे झाकून नेतं. बीपी टिकून राहतं, ती बाळाकडे बघून हसतेसुद्धा, आणि मग एकदम कोसळते. बीपी पडल्यावर जागे झालो तर आपण उशिरा जागे झालो. त्यात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या गर्भवतींना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन सात असलेल्या, चाळीस-बेचाळीस किलोच्या बाईला अर्धा लिटर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

२००४ च्या पावसाळ्यातली एक बाई मी विसरलेले नाही. दुसरं बाळंतपण, सुरळीत झालेलं. वार पूर्ण पडली होती. मी हातमोजे काढत होते तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, कापूस जरा जास्तच लागला.” मी वाकून बघितलं, “ठीक आहे” म्हटलं आणि ओपीडीत निघून गेले. चाळीस मिनिटांनी मावशी पळत आल्या. नाडी एकशेचाळीस, ओठ पांढरेफटक. त्या रात्री बेळगावला नेऊन तिची गर्भपिशवी काढावी लागली. ती वाचली, चोवीस वर्षांची होती. आठवड्याने मी सिस्टरना विचारलं, “मला पुन्हा का नाही सांगितलंत?” त्या मान खाली घालून म्हणाल्या, “मॅडम, एकदा सांगितलं होतं ना.”

त्यांना दिसलं होतं. पण ‘जरा जास्त’ आणि ‘ठीक आहे’ यांची लढाई झाली तर डॉक्टरचं ‘ठीक आहे’ जिंकतं. “मॅडम, साडेपाचशे झालं” या वाक्याला मात्र मला “ठीक आहे” म्हणता आलं नसतं. मापाची पिशवी मला एवढी महत्त्वाची वाटते ती म्हणूनच.

आणि ही काही माझी हुशारी नव्हे. त्याच काळात, आमच्यापासून तासाभरावर, बेळगाव जिल्ह्यात हे काम चाललेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता! तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकी संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात १६२० बायकांवर एक चाचणी केली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टर, डॉक्टर जवळपास नाही. बाळ झाल्याबरोबर निम्म्या बायकांना गर्भपिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधाविना गोळ्या, आणि रक्त मापाच्या पिशवीत मोजलं. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. लिटरभर किंवा जास्त जाण्याचं १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पिशवीही बेळगावच्या त्याच कामासाठी तयार झाली. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप यांची तुलनाही तिथेच झाली, तेव्हा नजरेनं तिसरा हिस्सा रक्त गायब केलेलं निघालं. गोळ्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण उपकेंद्रातली एएनएम स्वतः मोजते, स्वतः गोळी देते, कुणाला विचारत बसत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट होती आणि तिच्याबद्दल आम्हा डॉक्टरांत फारसं कुणी बोललं नाही.

पुढचा मोठा पुरावा यायला २०२३ उजाडलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ऐंशी रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक बाळंतपणं, ‘ई-मोटिव्ह’ नावाची चाचणी. नवीन औषध एकही नव्हतं. मापाची पिशवी लावायची. रेघ ओलांडली की पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ती आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. आपण शिकलो ते उलट होतं, नाही का? आधी चोळा, थांबून बघा; मग इंजेक्शन, थांबून बघा; मग पुढचं. त्या थांबून बघण्यातच अर्धा तास जातो. नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या रुग्णालयांत जास्त रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या ओळखल्या गेल्या, पिशवीवाल्या रुग्णालयांत ९३ टक्के. तीव्र रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. आपल्या धंद्यात असे आकडे एखाद्या पिढीत एकदा बघायला मिळतात.

आता नेतृत्वाचं. एक कागद घ्या आणि मराठीत, मोठ्या अक्षरात, असं काहीतरी लिहा :

“रक्त ५०० च्या रेघेला पोचलं, किंवा ३०० ला पोचून नाडी वाढली, बीपी घसरलं किंवा धार थांबत नाही असं दिसलं, तर ड्यूटीवरच्या सिस्टरने डॉक्टरची वाट न बघता पुढील उपचार सुरू करावेत आणि मग डॉक्टरला बोलवावं. या आदेशाची जबाबदारी माझी आहे.”

खाली औषधं आणि मात्रा, त्याखाली तुमची सही, शिक्का, तारीख. लॅमिनेट करून खाटेच्या समोरच्या भिंतीवर लावा. सिस्टरना यातलं काहीच नवीन नाही. प्रसूतीच्या प्रशिक्षणात त्या हे शिकलेल्या असतात. त्यांच्याकडे नसतं ते उद्या काही झालं तर ‘तुम्ही कुणाला विचारून दिलंत?’ या प्रश्नाचं उत्तर. ते उत्तर तुमच्या सहीनं भिंतीवर टांगलेलं असू दे.

वीस वर्षांनी मोठ्या सिस्टरना तुम्ही शिकवायला जाऊ नका. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कटकट्या सिस्टरना सांगा की हे बाकीच्यांना तुम्ही शिकवा, मी पेशंट बनते. मी खरंच टेबलावर आडवी व्हायचे, कुंकवाचं पाणी भरलेली सलाइनची बाटली मांडीखाली घेऊन. पहिल्यांदा सगळ्या खिदळल्या. दुसऱ्यांदा घड्याळ लावलं. ऑक्सिटोसिन हातात यायला नऊ मिनिटं लागली, कारण फ्रिज लसीकरणाच्या खोलीत आणि त्या खोलीला कुलूप. तिसऱ्या वेळी वॉचमन आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांनाही सामील करून घेतलं, तेव्हा कळलं की रात्रीच्या वेळी मागचं गेट उघडायची किल्लीही दुसऱ्याच कुणाकडे असते. असा सराव महिन्यातून एकदा, आणि कधीतरी रात्रपाळीला मुद्दाम.

यातली खरी परीक्षा सिस्टरची नाही, तुमची आहे. एखाद्या रात्री अडीचला फोन येईल, तुम्ही धावत जाल आणि गर्भपिशवी घट्ट, रक्त थांबलेलं, बाई चहा मागते आहे. सिस्टर कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणतील, “मॅडम, उगाच उठवलं.” त्या वेळी तुमच्या कपाळावर एक आठी दिसली तर ती बातमी सकाळपर्यंत सगळ्या पाळ्यांत पोचते आणि पुढचा फोन चाळीस मिनिटं उशिरा येतो. मी त्या रात्री तिथेच बसून सिस्टरांबरोबर चहा घ्यायचे. झोप तशीही गेलेलीच असते.

कुलपाचं मघाशी आलंच आहे, तर त्याबद्दल थोडं. सरकारी रुग्णालयात वस्तू नसते म्हणून बाई दगावते, त्याहून जास्त वेळा वस्तू कपाटात असते आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, पर्स त्यांच्या घरी. त्यांना दोष देऊ नका. ऑडिटमध्ये एक अँप्यूल कमी भरली तर नोटीस त्यांना येते. म्हणून एक साधा प्लॅस्टिकचा डबा करा : ऑक्सिटोसिन सोडून बाकी औषधं, शिरेत घालायच्या दोन मोठ्या सुया (इन्ट्राकॅथ), सलाइनचे सेट, सलाइन, युरिन कॅथेटर, हातमोजे. कुलूप नाही, फक्त चिकटपट्टीचं सील. पट्टी शाबूत आहे का हे दर पाळीला बघून सही. वापरलेला माल त्याच दिवशी खर्ची टाकायचा अधिकार लेखी द्या.

त्या डब्याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या अँप्यूल भूल देण्याच्या ट्रेजवळ कधीही ठेवू नका. काही अँप्यूल कमरेत देण्याच्या भुलीच्या औषधासारख्याच दिसतात आणि चुकून मणक्यात गेल्यामुळे मृत्यू झालेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर इशाराही दिलाय. आणि ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. लेबर रूममध्ये छोटा फ्रिज असेल तर उत्तम, पण त्यात डबे, दही आणि कुणाचे तरी भिजवलेले मूग असणार नाहीत याची व्यवस्था आधी लावा. थंडाव्याशिवाय टिकणारं कार्बेटोसिन आता आलंय. २०१८ च्या मोठ्या चाचणीत रक्तस्राव टाळायला ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. तुमच्या पुरवठ्यात मिळत असेल तर विजेच्या लपंडावाच्या गावी ते मोलाचं आहे. ते आधीच देऊन ठेवायचं औषध आहे. रक्तस्राव सुरू झाल्यावर ऑक्सिटोसिनच.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडवरून एक गोष्ट आठवते, विषयाला सोडून नाही. हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधलं. पाळणाघर नव्हतं म्हणून उताकोबाई मुलीला पाठीला बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हे वापरून बघा असं त्या स्थानिक प्रसूतितज्ज्ञांना सांगत राहिल्या. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी एकवीस देशांतल्या वीस हजार बायकांवर ‘वुमन’ चाचणी झाली आणि तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. निकाल आला २०१७ मध्ये. उताकोबाई २०१६ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या होत्या. पंचावन्न वर्षं! आमच्या सिस्टरनी तर मला एकदाच सांगितलं होतं.

बलूनबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून. कल्पना सुंदर आहे. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी महागडा आयात बलून परवडत नाही म्हणून रबरी कॅथेटरला कंडोम बांधला, गर्भपिशवीत ठेवून सलाइनने फुगवला आणि आतून दाब देऊन रक्त थांबवलं. २००३ मध्ये त्यांनी तेवीस बायकांचा अनुभव छापला. मीही तो असंख्य वेळा वापरलाय, काही बायका त्यावर वाचल्या आहेत. पण युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधल्या अठरा रुग्णालयांत तो पद्धतशीर आणला गेला, तेव्हा शस्त्रक्रिया आणि मृत्यू कमी होण्याऐवजी एकत्रित प्रमाण वाढलेलं दिसलं. का, यावर वाद आहे. माझा तर्क असा की बलून हाताशी आला की माणूस त्याच्यातच गुंततो आणि आधीच्या चार गोष्टी घाईत उरकतो. जागतिक आरोग्य संघटनाही आता म्हणते की तातडीनं शस्त्रक्रिया आणि रक्त मिळण्याची सोय असेल तिथेच तो वापरा. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत काही हवंच असेल तर कंडोम आणि कॅथेटर डब्यात ठेवा. त्यासाठी निधी खर्चू नका. व्हॅक्यूमची उपकरणं आश्वासक आहेत, पण तुमच्याकडे ती तिसऱ्या वर्षी येऊ देत.

पिशव्यांचा पुरवठा अडला तर? तान्ह्या बाळाचा वजनकाटा आहेच. सुका पॅड आधी तोलून ठेवा, भिजलेला तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. कटकटीचं आहे, पण ‘अ‍ॅव्हरेज’पेक्षा कधीही बरं. आणि मापाची पिशवी सर्वज्ञ नाही हेही सिस्टरना सांगा. रक्त कधी आतच साठून गुठळी होते, बाहेर थेंब नाही आणि गर्भपिशवी नाभीच्या वर सरकत जाते. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात पडलाच पाहिजे. सिझेरियनच्या बायकांना ‘ई-मोटिव्ह’ लागू नाही. ती चाचणी नैसर्गिक बाळंतपणापुरती होती.

मॉनिटरचे पैसे उरतील. त्याचं काय करायचं हे बायकांना विचारा, आणि त्यांच्या सासवांनाही. हे भाबडेपणानं म्हणत नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत साडेसहाशे बायकांना तपासलं आणि १९८९ मध्ये ते छापलं, तेव्हा दिसलं की ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ‘माता आरोग्य’ म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण एवढंच धरून सगळे चालले होते. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणी अठ्ठेचाळीस तास थांबत नसत, सहीवर घरी जात. आम्ही समुपदेशनाचे फलक लावले. शेवटी एका सासूबाईंनी सांगितलं, “डॉक्टर, सुनेला अंघोळीला गरम पाणी नाही, आणि रातीला मी खाली फरशीवर.” सोलर हीटर आणि सहा आडव्या बाकड्यांत तो प्रश्न बराचसा सुटला. दुसऱ्या दिवशी ताप आलेल्या, पुन्हा अंगावरून जायला लागलेल्या बायका त्यानंतर आमच्या नजरेसमोर राहू लागल्या.

वरच्यांना दाखवायला काय, हा प्रश्न उरतोच. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा : रक्त, मिलिलिटरमध्ये. ‘अ‍ॅव्हरेज’ लिहायला बंदी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे जास्त रक्तस्रावाच्या केसेस अचानक वाढलेल्या दिसतील आणि जिल्हा बैठकीत कुणीतरी भुवया उंचावून विचारेल, “तुमच्याच इथं एवढ्या कशा?” त्याची तयारी आधीच ठेवा, सिस्टरना त्या बैठकीला सोबत न्या आणि रजिस्टर त्यांनाच उघडू द्या.

रक्तसाठ्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे ब्लड स्टोरेज युनिट चालू आहे का, आणि जवळचं शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय रात्रीच्या वेळी प्रत्यक्षात किती मिनिटांवर आहे, ते कळवा. नकाशावरची मिनिटं नकोत, ड्रायव्हरदादांना विचारून सांगा.